चादरीखालचे दोन रिसीव्हर

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला थोडा राग.

तुझं खोकं काल पोचलं. आतून टीव्हीला स्पीकर जोडायचा रिसीव्हर निघाला आणि मी कपाळाला हात लावला. अगं, परवाच मीही एक घेऊन आलोय! डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा टीव्हीच्या खोलीत फिरकत नाहीत. त्यांना पुन्हा सिनेमाला बसवायचं तर घरात चांगला आवाज हवा, हे तुझ्या डोक्यात आलं तसं माझ्याही आलं. आधी एकमेकांना विचारावं, हे मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. फोन फक्त आजारपणासाठी, बाकी सगळं पत्राने, हा बाबांचा नियम. तो पाळता पाळता पत्रांच्या आधी रिसीव्हर येऊन पोचले.

आता दोघेही कपाटावर शेजारी शेजारी बसलेत. माझा भलाथोरला, काळाकुट्ट, नऊ स्पीकर जोडता येतील असा. तुझा बारका, चपटा, पाच स्पीकरांचा. दोघांच्या पाठीला भोकंच भोकं. मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, उंच उंच इमारतींच्या वायरी मला तोंडपाठ असतात, पण या दोघांच्या पाठी बघून मलाही गरगरलं. तुझ्या वहिनीने त्यांची नावं थोरला आणि धाकटा अशी ठेवून टाकली आहेत.

दोन्ही दुकानं एप्रिलअखेरपर्यंत माल परत घेतात. म्हणजे एक राहील, एक जाईल, आणि कोणता ते बाबा ठरवतील. ज्या माणसाने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि कुठल्या पाटीचा लाल विटलाय ते चालत्या बसमधून सांगितलं, त्याच्यापुढे आपण कोण? नजर पुष्कळ सुधारली असं ते म्हणतात. तपासणीला मी घेऊन जातो, पण डॉक्टरांच्या खोलीत मला येऊ देत नाहीत. बाहेर आले की म्हणतात, की एकदम झकास.

तुझ्या धाकट्याची मला आतापासूनच दया येते आहे. लोभ आहे तेवढा राहू दे, हट्ट जरा कमी कर.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दया तुझ्या थोरल्यासाठी राखून ठेव. मी इथे दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते. कोणत्या तोंडाला कोणते दात शोभतील ते बघणं हाच माझा धंदा. मोठं ते चांगलं असं असतं, तर मी सगळ्यांना घोड्याचे दात बसवले असते.

ऑपरेशनच्या आधी बाबांची तक्रार काय होती ते आठव. सिनेमात माणसं कुजबुजतात आणि बाजा बोंबलतो, असं ते म्हणायचे. माझ्या धाकट्यात बोलणं तेवढं वर उचलायची सोय आहे. तुझ्या खोक्यावर केवढा तरी मोठा आकडा छापलाय म्हणून हुरळू नकोस. दुकानातला माणूस म्हणाला, की तो एकच स्पीकर चालू ठेवून मोजतात. माझ्यावरचा आकडा दोन चालू ठेवून मोजलाय. सगळे लावल्यावर दोघांचं काय होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मी दोन तास दुकानात उभी होते. गेले तेव्हा निदान काय विचारायचं ते माहीत होतं, बाहेर पडले तेव्हा तेही गेलं.

तेव्हा परीक्षाच घे, पण नीट घे. दोघांवर चादर टाक, म्हणजे कोणाचा दिवा लागलाय ते बाबांना दिसणार नाही. प्रसंग तोच लाव आणि आवाज दोघांचा सारखा ठेव, कारण जरा मोठा वाजला की तोच चांगला वाटतो. आणि वहिनीला म्हणावं, परीक्षा चालू असताना तोंडाला कुलूप. सिनेमा बघताना ती किती बोलते ते मला माहीत आहे.

थट्टा सोड. ऑपरेशनसाठी बाबांच्या मागे मीच लागले होते. त्यांना घेऊन मीच गेले. सगळं बरं झालं असं तुम्ही सगळे लिहिता, पण ते अजून पडद्यासमोर बसत नाहीत म्हटल्यावर माझ्या जिवाला चैन पडत नाही. एकदा त्यांनी पाय पसरून एक अख्खा सिनेमा बघितला, असं मला कळव. मग तुझा थोरला ठेवलास तरी चालेल. जवळजवळ चालेल.

माया असू दे, पक्षपात नको.

तुझी,
ठमी


२२ मार्च

चि. ठमीस,
उदंड आशीर्वाद.

हात अजून थरथरतो, म्हणून अक्षर सूनबाईचं आणि शब्द माझे. ती मध्ये स्वतःचं काही घुसवत नाही ना, यावर माझं लक्ष आहे.

तुझा रिसीव्हर उत्तम. तुझ्या दादाने लग्नातल्या नवरीसारखं दोघांना झाकून ठेवलंय, पण मी ओळखलं. एकेक शब्द सुटा ऐकू येतो. चित्रही छान दिसलं. सुरुवातीला नावांची पाटी येते, ती मी शेवटपर्यंत वाचली. अक्षरांचं वळण बेताचंच होतं, आमच्या वेळी असलं काम कोणी घेतलं नसतं. तू म्हणालीस म्हणून ऑपरेशन केलं, ते फार बरं झालं. काळजी करू नकोस. कवळ्या घडवताना चष्मा लावत जा.

असाच लोभ असावा, हे लिहायची आपल्यात गरज नाही, पण सूनबाईला लिहायची सवय आहे.

तुझे,
बाबा

ता. क. – वन्सं, हे मी लिहिते आहे, बाबा आत गेल्यावर. त्यांनी तुझा उत्तम असं सांगितलं, मी तसं लिहिलं. पण काल रात्री तुझ्या दादाला ते म्हणाले, की थोरल्याला तोड नाही. मी मध्येच उठून दोघांपैकी कोणता चालू आहे ते चादरीखाली डोकावून बघितलं, तर धाकटा! मला आता यातलं काही कळेनासं झालंय. तोंडाला कुलूप लावलंय म्हणून विचारताही येत नाही.


२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, आणि एक बातमी. बसून वाच.

थोरला जिंकला. आणि नुसतं आवाजात नव्हे, चित्रातसुद्धा! मंगळवारी संध्याकाळी मी धाकट्याच्या वायरी काढून थोरल्याला लावत होतो. कपाटामागे आडवा पडलो होतो, तोंडात टॉर्च. वायरी लावून झाल्या, सिनेमातली मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून आतूनच बाबांना विचारलं, की चित्र आलं का. ते म्हणाले, की आलं, आणि मोटारीचा लाल काय खुललाय, आधीच्यावर हाच लाल फिका दिसत होता. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली आणि टॉर्च तोंडातून पडला.

लाल रंगाबद्दल बाबा बोलले म्हणजे पुढे अपील नाही, हे तूही कबूल करशील. तरी एक गोष्ट मला खटकते, ती तुझ्यापासून कशाला लपवू? आधीच्या आठवड्यात त्यांनी ज्याला थोरला समजून शाबासकी दिली तो धाकटाच होता, असं तुझी वहिनी म्हणते. शिवाय तुझ्या पत्रात तुझा उत्तम असं लिहिलंय, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी विचारलं की माझा चांगला, तुला लिहायचं असलं की तुझा चांगला. वयामुळे असेल. की मी वायरीच उलट्यासुलट्या लावतोय? लिफ्टमध्ये अशी चूक केली असती तर माणसं तळमजल्याऐवजी गच्चीवर उतरली असती.

पण आता बाबा रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसतात. तुला हेच हवं होतं ना? आता मात्र हार मान, आणि हरलीस तरी प्रेम ठेव.

तुझा,
दादा


४ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि., आणि एक विनंती.

हे पत्र तुलाच लिहिते आहे, कारण दादा सध्या विजयात आहे आणि विजयी माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

वहिनी, माझं डोकं चालेनासं झालंय. चित्र डिस्कवरून येतं, रिसीव्हर ते जसंच्या तसं टीव्हीच्या हातात देतो. या दोघांपैकी कोणीही त्याला रंग लावत नाही. मी पुन्हा दुकानात जाऊन विचारलं. तो माणूस म्हणाला, की लाल फिका आणि लाल गडद असं होणारच नाही. बरं, बाबांना लाल कळत नाही असं म्हणावं, तर सूर्य उलटा उगवला असं म्हणण्यासारखं झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? काल विचार करता करता मी एका आजोबांच्या कवळीचे वरचे दात खाली बसवले. साहेबांनी ती उचलून माझ्या टेबलावर उलटी ठेवली.

आणि दोघांनाही ते जिंकवतात कशाला? बाबा असे कधीच नव्हते. मी शाळेत काढलेली चित्रं बघून, हा घोडा आहे की स्टूल, असं तोंडावर विचारणारा माणूस!

तू रोज घरात असतेस. दादाला वायरी दिसतात, मला इथून काहीच दिसत नाही. तुला काय दिसतं तेवढं लिही. अंदाज नको, दिसलं तेच. कुलूप मी उघडलं असं समज.

माया आहेच तुझी, आता थोडी खबरही असू दे.

तुझी,
ठमी


१३ एप्रिल

प्रिय वन्संस,
न. वि. वि. हे पत्र एकटीने वाच, आणि आधी बस.

दिसलं तेच लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. त्या मंगळवारी मी औषधांच्या दुकानातून जरा लवकर घरी आले. जिन्यातच सिनेमा ऐकू येत होता. खोलीच्या दारात आले तर कपाटामागून तुझ्या दादाचे नुसते पाय दिसत होते, बाबा खुर्चीत ताठ बसलेले, आणि टीव्हीच्या पडद्यावर काहीच नव्हतं. काळा पडदा, आणि मधोमध सिग्नल नसल्याची पाटी. आवाज रिसीव्हरमधून स्पीकरांना जात होता, पण टीव्हीकडे जाणारी वायर जमिनीवर पडली होती. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुझ्या दादाने आतून विचारलं, की चित्र आलं का. आणि बाबा त्या काळ्या पडद्याकडे बघून म्हणाले, की आलं, लाल काय खुललाय.

मला आधी वाटलं, लेकाची फिरकी घेताहेत. पण पाटी मनासारखी उतरली की ते जसे हसायचे तसे हसत होते, आणि मी आल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. मी वायर उचलून जागेवर बसवली. तुझ्या दादाला काही बोलले नाही. पत्र लिहायलाही इतके दिवस लागले, कारण कसं लिहावं तेच कळेना.

तुझं पत्र आल्यावर मी एक दिवस रजा काढली आणि घरात दोघंच असताना सरळ विचारलं. खुर्चीचा हात चाचपत ते खाली बसले. मग म्हणाले, की ऑपरेशननंतर थोडे दिवस धुकं होतं, मग तेही गेलं. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, आणि तोही कधी कधी. घर पायांना पाठ आहे म्हणून भागतं. डॉक्टरांनाही त्यांनीच सांगून ठेवलं होतं, की मुलांना मी सांगेन.

वन्सं, मी औषधांच्या दुकानात बसते, लोकांच्या चिठ्ठ्यांवरून त्यांचे आजार ओळखते, आणि घरातलं मला दिसलं नाही. चहाचा कप हातात दे, टेबलावर ठेवला की निवतो, असं ते म्हणाले होते. मी दोन महिने हातात देत होते. मला वाटलं, म्हातारपणाचे लाड. त्या नावांच्या पाटीचं मीच माझ्या अक्षरात तुला लिहून पाठवलं. ते आठवलं की रडू येतं आणि रागही येतो, त्यांचा आणि माझा.

ठमीला सांगू नकोस, असं त्यांनी मला पुन्हा पुन्हा विनवलं. म्हणाले, की पोरीने एवढ्या आशेने नेलं होतं, ती स्वतःला खात बसेल. मी मान हलवून नाही म्हटलं. ते त्यांना दिसलं नाही, आणि मी मोठ्याने म्हणायचं धाडस केलं नाही. त्यांना वाटतंय मी कबूल केलं.

तुझ्या दादाला त्याच दिवशी सांगितलं. तो उठला, रिसीव्हरवरची चादर काढली आणि तिची घडी घालत बसला. घालायचा, उलगडायचा, पुन्हा घालायचा. एवढे दिवस कोणापासून झाकत होतो, असं मला विचारलं.

आता पुढे काय करायचं ते तू सांग. मला खरंच कळत नाही.

तुझीच,
वहिनी


१९ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादाने वाचून दाखवावं. वहिनीला आजवर बरंच काही लिहावं लागलंय, तिला जरा सुट्टी.

बाबा, मला कळलं. वहिनीवर रागावू नका, तिने नाही म्हणूनच मान हलवली होती. पत्र वाचून मी पहिल्यांदा फोन उचलला, कारण नियमाप्रमाणे हे आजारपणच झालं. मग खाली ठेवला. फोनवर तुम्ही झकास आहे म्हणून मोकळे झाला असतात. पत्रात तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

मी रडले. पुष्कळ रडले, आणि हे लिहिताना पुन्हा रडते आहे. डोळे गेले याचं दुःख आहेच. पण तुम्ही रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून न दिसणाऱ्या मोटारीचा रंग शोधत होतात, आणि तेही मला इथे बरं वाटावं म्हणून, ते मला सहन होत नाही. असं बरं वाटणं मला नको. माझ्या घोड्याला स्टूल म्हणणारे बाबा मला परत हवेत.

तुमच्याशी मला भांडायचं नाही. एकच मागते. ते दोन रिसीव्हर अजून कपाटावर आहेत आणि महिना संपत आलाय. कोणाचा कोणता ते विसरून जा. मला किंवा दादाला काय वाटेल तेही सोडून द्या. फक्त ऐका आणि खरं काय ते कळवा. वहिनीला म्हणावं, हवं तेवढं बोल. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की मी येतेच आहे, पण उत्तर त्याआधी हवं.

लोभ करता ते माहीत आहे. विश्वासही ठेवा.

तुमची,
ठमी


२७ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद नेहमीचेच, अक्षर मात्र माझं.

पाट्यांवर ओळी आखायचो तशी पट्टी धरून तिच्या कडेने लिहितो आहे. एक ओळ दुसरीवर चढली असेल तर सूनबाई ती पाठच्या बाजूला पुन्हा लिहून देईल. हात थरथरत नाही, कधीच थरथरत नव्हता.

तुझं पत्र दादाने वाचलं. मध्ये दोनदा थांबला, सर्दी झाली म्हणाला. या घरात खोटं बोलायची सवय कोणी लावली ते आता विचारायला नको.

तुला फसवलं, ते खरं. पण एक समजून घे. ऑपरेशन मी तुझ्या शब्दाखातर केलं नाही. उपयोग होईलच असं नाही, डोळे असेही जाणारच आहेत, हे डॉक्टरांनी मला आधी एकट्याला सांगितलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू मला तिथूनच घरी परत आणलं असतंस. मला बघायचं होतं ठमे, म्हणून केलं. त्यात तुझा काही दोष निघत नाही. उगाच शोधू नकोस.

आत नेण्याआधी तू खिडकीपाशी बिस्किट खात उभी होतीस. हनुवटीला चुरा लागला होता. पुसून टाक म्हणणार होतो, मग म्हटलं राहू दे, आधी बघून घेऊ. ते अजून अगदी स्वच्छ दिसतं.

आता रिसीव्हरचं. खरं सांगायचं तर इतके दिवस मी दोघांपैकी एकही ऐकला नव्हता. सिनेमा चालू असताना सगळं लक्ष एकाच गोष्टीत असायचं. आता पडद्यावर काय असेल, कुठे हसावं, कशाला चांगलं म्हणावं. जो विचारील त्याचा रिसीव्हर चांगला, असं सांगून सुटायचो. परवा पहिल्यांदा नुसता बसलो. कोण कुठे उभं आहे तेवढं सूनबाई सांगत होती. दादाने एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावला, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

तुझा धाकटा बोलणं स्वच्छ करतो, यात शंका नाही. पण सगळ्यांना आणून माझ्या नाकासमोर उभं करतो. नवरा तिथेच, बायको तिथेच, चोरही तिथेच. खोली म्हणून काही उरतच नाही. थोरला मधूनमधून पुटपुटतो, एखादं वाक्य निसटतं. पण त्याच्यावर दार डावीकडे उघडतं, कोणी पाठीमागून चालत येतं, बाई जिना चढते तेव्हा ती वर जाते. मी कुठे बसलोय ते मला कळतं. आता मला त्याचीच गरज जास्त.

तुझ्या बाजूने काही निघतंय का म्हणून अजून एकदा लावायला सांगितलं. निघालं नाही.

तेव्हा थोरला राहतोय. तुझा दादा उद्या धाकट्याला खोक्यात घालून तुझ्या दुकानाकडे परत धाडेल. ठमे, तुझा रिसीव्हर मला आवडला नाही. वाईट वाटलं तर वाटू दे, आणि तसं मला लिही. लोभ त्याने कमी होत नाही.

तुझे,
बाबा